अडीच वर्षांचे उमेदवार

नोकरीसाठी जो अर्ज करतो तो उमेदवार, आणि निवडणुकीला जो उभा राहतो तोही उमेदवार. अलीकडे या शब्दाच्या पोटात एक तिसरी जात येऊन बसली आहे. हा उमेदवार अडीच वर्षांचा असतो. त्याचे अंथरूण रात्री अजून ओले होत असते आणि 'र' म्हणता येत नसल्यामुळे तो रामाला 'लाम' म्हणतो. असा हा गृहस्थ नवे बूट घालून, केसांना पाणी लावून, कोठल्यातरी नामांकित शाळेच्या पायऱ्या चढतो. आत बाई विचारतात, हा रंग कोणता? हा प्राणी कोणता? बाहेर आई देवाचा धावा करीत असते आणि बाबा फीच्या हप्त्यांचा हिशेब. मग त्या दोघांनाही आत बोलावणे येते. शिक्षण किती, पगार किती, घरात भाषा कोणती बोलता, अशी त्यांचीही उलटतपासणी होते. एवढ्यात गृहस्थाने टेबलावरचे पेपरवेट तोंडात घातले, की आईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

या प्रकाराला कायद्याने हरकतच घेतलेली नाही असे कोणी समजू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे तेरावे कलम स्पष्ट सांगते, की शाळेत प्रवेश देताना मुलाला किंवा त्याच्या आईबापांना कसलीही चाळणी लावायची नाही; लावल्यास पहिल्या खेपेला २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे दर खेपेला ५०,००० रुपयांपर्यंत दंड. परंतु हा कायदा मुळात ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. त्याखालच्या वयाला तो ओझरता स्पर्श करून पुढे जातो आणि त्या फटीतून सारा बाजार आत शिरतो. त्याआधी, १९९३ साली, प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असे लिहून ठेवले होते. त्याला तीस वर्षे उलटून गेली. तेव्हा ज्यांची मुलाखत झाली, ते आज आपल्या मुलांचे बोट धरून तसल्याच पायऱ्या चढत आहेत.

शाळाचालकांना शिव्या देणे सोपे आहे आणि त्यांतल्या पुष्कळ शिव्या त्यांनी मन लावून कमावल्याही आहेत. परंतु दुकानदार तोच माल ठेवतो ज्याला गिऱ्हाईक असते. बालवर्गातल्या एखाद्या बाईने वर्षभर मुलांना वाळूत खेळू दिले, गोष्टी सांगितल्या, पाण्याने भांडी भरू-सांडू दिली, तर जूनमध्ये खूश असलेले पालक दिवाळीनंतर कुरकुरू लागतात आणि फेब्रुवारीत येऊन विचारतात, "बाई, वहीत काहीच कसे नाही?" ही वही म्हणजे या काळातले कुलदैवत आहे. मूल आनंदी आहे का, ते प्रश्न विचारते का, दुसऱ्या मुलाला आपला खाऊ देते का, पडल्यावर उठून पुन्हा धावते का, हे वहीत दिसत नाही. वहीत 'अ' दिसतो. तो रेघेच्या वर गेला की आईचा जीव खाली जातो.

आणि येत्या चार दिवसांत काय होणार आहे ते मी आताच सांगून ठेवतो. फराळाला पाहुणे येतील. चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच घरातल्या सर्वांत लहान प्राण्याला मध्यभागी उभे करण्यात येईल. "काकांना ए टू झेड म्हणून दाखव. मावशीला पोएम म्हणून दाखव." मूल पडद्यामागे जाईल. आई हसत हसत त्याचा दंड जरा जोरात धरील. मूल अखेर काहीतरी पुटपुटेल, काका टाळ्या वाजवतील, आणि काकांचे स्वतःचे मूल समोर बसलेले असल्यामुळे काकू त्याच्याकडे अशा नजरेने पाहतील की तेही बिचारे पुढच्या आठवड्यापासून शिकवणीला बसेल. तीन वर्षांच्या मुलांची शिकवणी! ज्याला अजून जेवताना भरवावे लागते, त्याला शिकवायला घरी बाई येते.

आता त्या वहीचा आणि हाताचा संबंध पाहू, कारण ही गोष्ट मताची नाही, हाडामांसाची आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ही सारी मऊ कूर्चाच असते. त्यांतली पहिली दोन काही महिन्यांत हाडाचे रूप धरू लागतात, तिसरे दोन-तीन वर्षांच्या सुमारास. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा क्ष-किरण फोटो काढला, तर आठांपैकी बहुधा तीनच हाडे त्यात दिसतात. मुलींत हा क्रम थोडा लवकर चालतो इतकेच. शेवटचे हाड दिसायला आठव्या-नवव्या वर्षाच्या पुढे जावे लागते. नुसत्या हाडांनीच अक्षर येते असे मी म्हणत नाही. आधी खांदा स्थिर व्हावा लागतो, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी बोटांची चिमूट. निसर्गाने हे काम वरून खाली, क्रमाने चालवले आहे. आपण मात्र चिमटीत पेन्सिल कोंबून सुरुवात करतो आणि 'पी हळद आणि हो गोरी' म्हणून मुलाच्या डोक्यावर उभे राहतो.

बोटांना बळ कशाने येते हे आपल्या स्वयंपाकघरांना कोणी शिकवावे लागत नाही. कणकेचा गोळा मळायला द्या. मटार सोलायला द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, मग निम्मे दाणे पोटात गेले तरी चालतील. आता दिवाळीत करंज्या होतील, तेव्हा कढईपासून दूर, जमिनीवर पाट मांडून, एका करंजीच्या कडेवरून कातण फिरवायला द्या. करंजी वाकडी होईल. ती त्याचीच म्हणून वेगळी तळा. पन्नास पाने 'अ' गिरवून हाताला जी शिस्त येणार नाही, ती या एका वाकड्या करंजीने येते. हल्ली याच गोष्टी रंगीत खोक्यांत भरून 'ॲक्टिव्हिटी किट' या नावाने विकायला येतात. आईबाप ते खोके हजार-पंधराशेला घेतात आणि घरातली परात माळ्यावर टाकतात!

मेंदूचे म्हणाल तर त्याची घाई खरोखरच आहे. नवजात बाळाच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव असते, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते पाऊणच्या आसपास पोचते. सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नमूद केले आहे. त्याच धोरणाने ३ ते ८ हा वयाचा एकच पायाभूत टप्पा मानून तो खेळावर उभारावा असे सांगितले. मौज अशी, की आकडा व्यापाऱ्याच्या हाती लागला आणि खेळ हा शब्द रस्त्यात सांडला. "मेंदू वाढतो आहे, लवकर भरा!" अशी आरोळी सुरू झाली. काही जण तर जन्मापर्यंतही थांबायला तयार नाहीत. पोटातल्या जिवाचीच शिकवणी लावतात. परंतु मेंदू म्हणजे धान्याची कोठी नव्हे, की पावसाळ्यापूर्वी पोती रिचवून झाकण लावले. त्याची वाढ म्हणजे जोडण्यांची वाढ, आणि त्या जोडण्या देवघेवीने होतात. मूल काहीतरी करते, मोठे माणूस त्याला उत्तर देते, मूल पुन्हा काहीतरी करते. वापरात येणारी वाट मळते, न वापरलेली बुजते.

ही देवघेव आपल्या घरांत पूर्वापार चालत आलेली आहे, फक्त तिला आपण कधी शिक्षण म्हटले नाही. काऊ-चिऊचा घास घ्या. आजी घास उचलते, "हा कोणाचा?" म्हणते, थांबते. ते थांबणे महत्त्वाचे. मूल खिडकीकडे पाहते, बोट दाखवते, "काऊ" म्हणते. आजी म्हणते, "अगंबाई, काऊ उडाला की!" या एका घासात वळणावळणाने बोलणे आले, नजर आली, वाट पाहणे आले, हसणे आले. शेणाचे घर आणि मेणाचे घर ही गोष्ट शंभराव्यांदा सांगताना आजी जाणूनबुजून चुकते आणि मूल तिला रागावून दुरुस्त करते. याहून चांगला पाठ कोणत्या शाळेत मिळतो ते मला दाखवावे.

आजीचे कौतुक पुरे झाले, पुरावा द्या, असे कोणी म्हणेल. देतो. जमेका बेटावर किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. ९ ते २४ महिने वयाची, वाढ खुंटलेली १२९ मुले घेतली. त्यांतल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जात. बरोबर घरगुती टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी असत. त्या आईला मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे ते दाखवीत. हे दोन वर्षे चालले. काही मुलांना पूरक आहार मिळाला, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी तीच मुले शोधून काढून त्यांची कमाई पाहिली गेली. ज्यांच्या घरी खेळ आणि बोलणे पोचले होते, त्यांची कमाई तसे न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली, आणि ती वाढ न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला आली होती. नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ परिणाम मात्र दिसला नाही. ही नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एक तास, फुटकी डबडी आणि आईचे बोलणे! यात वही कोठेच नव्हती.

बोलणे म्हटले की भाषा आली, आणि भाषा आली की आमच्या मध्यमवर्गाचे पितळ उघडे पडते. संध्याकाळी एखाद्या बागेत बाकावर बसून ऐका. "बेटा, स्लाइडवर जाऊ नको, फॉल होशील. वॉटर पी. त्या डॉगीला टच नको करू." आईची मराठी उत्तम, आजीची त्याहून उत्तम; पण मुलाशी बोलताना दोघीही आपली जड, भरलेली, म्हणींनी आणि लाडांनी गच्च झालेली भाषा खुंटीला टांगून ठेवतात आणि उसन्या साठ-सत्तर शब्दांत संसार करतात. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येते, थट्टा करता येते, सबबी सांगता येतात, ती मुलाला द्यायची नाही, आणि जिच्यात तुम्हाला फक्त आज्ञा करता येतात ती द्यायची, याला काय म्हणावे? इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. इंग्रजी यावी, चांगली यावी. पण एका भाषेत ज्याची विचाराची मूठ घट्ट बसली, त्याला दुसरी भाषा लवकर वश होते. ज्याला घसरणे, निसटणे, ओघळणे आणि सटकणे यांतला फरक कधी ऐकायलाच मिळाला नाही, त्याला 'फॉल' हा एक शब्द जन्मभर पुरवून वापरावा लागणार.

मोबाईलविषयी फार लिहीत नाही. त्यावर सगळेच लिहितात, आणि बहुधा मोबाईलवरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, दुसऱ्या वर्षातही बसल्या जागी पडदा दाखवणे योग्य नव्हे, आणि त्यापुढे पाच वर्षांच्या आत दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तितके बरे. "पण त्याशिवाय तो जेवतच नाही हो!" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. मूल जेवत नाही, कारण त्याला भूक नसते किंवा आपला घास त्याच्या तोंडाहून मोठा असतो. मला मुलाच्या हातातल्या यंत्रापेक्षा आईबापांच्या हातातल्या यंत्राची भीती अधिक वाटते. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसत-बोलत असते; मग थोडा वेळ तिने चेहरा निर्विकार ठेवायचा, काही उत्तर द्यायचे नाही. बाळ आधी हसून पाहते, मग हात पुढे करते, ओरडते, अखेर तोंड फिरवते आणि रडू लागते. हे सारे दोन-तीन मिनिटांत घडते. आता आपल्या दिवाणखान्यात रात्री नऊ वाजता किती निर्विकार चेहरे खाली माना घालून बसलेले असतात ते मोजा. त्यांच्यापुढे एक मूल हात पुढे करीत उभे असते. त्या प्रयोगातली आई काही क्षणांत पुन्हा हसत असे.

येथवर मी 'आई, आई' असेच लिहीत आलो, कारण हे काम आपण तिच्याच पदरात बांधून मोकळे झालो आहोत. बाप काय करतो? बाप फी भरतो आणि गॅदरिंगला फोटो काढतो. २०१७ साली कायदा सुधारून नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, हे उत्तम झाले. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापाला तेवढेही द्यावे असा देशव्यापी कायदा नाही. म्हणजे मूल ही बायकांची बाब आहे हे सरकारनेच रजेच्या नियमांत लिहून दिले. मला अशा वेळी गिजुभाई बधेका आठवतात. ते वकील होते; १९१३ साली मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या विचाराने मॉन्टेसोरीबाईंचे लेखन वाचू लागले, आणि वाचता वाचता वकिलीच सोडून बसले. १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर काढले. गुजरातने त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा' म्हटले, मिशाळ आई! सगळ्यांनी वकिली सोडावी असे माझे म्हणणे नाही. संध्याकाळी अर्धा तास सोडला तरी पुरे.

कोणी असेही समजू नये, की मी जुन्या काळाचे गोडवे गातो आहे. जुन्या काळी पोरे मरत, जगली ती मार खाऊन मोठी होत, आणि बापाची सावली पडली तरी कोपऱ्यात लपत. त्या काळात परत जायची मला हौस नाही. पण त्याच काळात ताराबाई मोडक नावाची एक बाई होऊन गेली आणि तिने जे दाखवले ते आपण फार स्वस्तात विसरलो. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून ताराबाई १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच मिळाल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात, कारण कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या मागे गुरे. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या कुरणात नेली, ती कुरणशाळा. परदेशी साहित्य महाग, म्हणून शिंपले, बिया, खडे आणि पाने गोळा केली. मोजायला तेवढे पुरले.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभराची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द सरकारदरबारी गेला. शब्द मोठा झाला, माणसे लहानच राहिली. अंगणवाडीतल्या ताई मुलांचे वजन करतात, आहार वाटतात, लसीच्या दिवशी बायकांना बोलावून आणतात, नोंदवह्या भरतात, वर मोबाईलमध्येही तीच माहिती भरतात, आणि यातून वेळ उरला तर मुलांना गाणी शिकवतात. एवढ्यावर त्यांना वेतन नाही. 'मानधन' मिळते, ज्यात मान किती आणि धन किती ते त्यांनाच विचारावे. त्यांना उपदान देय आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. शहरात तीन वर्षांच्या मुलाच्या शाळेसाठी लाखाच्या घरात फी मोजणाऱ्या माझ्या वाचकाने आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे मूल कोठल्या अंगणवाडीत जाते, तिला खोली आहे का, पाणी आहे का, एवढी चौकशी या सुट्टीत करावी. दोन्ही मुले एकाच वयाची असतात आणि दोघांच्याही मनगटात तीनच हाडे असतात. एकाला वेळेआधी भरडायचे आणि दुसऱ्याला भिंतीला टेकवून बसवून ठेवायचे, असा हा आपला न्याय आहे.

राहता राहिला किल्ला. दिवाळीत मुलांनी किल्ला करावा ही महाराष्ट्राने आपल्या मुलांना दिलेली सर्वांत मोठी शाळा आहे, आणि तीही आता आपण बंद करीत आणली. बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा प्रतापगड तयार मिळतो. बाबा तो गाडीच्या डिकीतून आणतात, बाल्कनीत ठेवतात, मावळे मांडतात, आणि मूल लांबून बघते. हात लावला तर रंग जाईल. मातीच्या किल्ल्यात काय नसते? विटा रचाव्या लागतात, त्यावर पोते अंथरावे लागते, चिखल किती सैल आणि किती घट्ट हे हातानेच कळते. बुरूज ढासळतो, का ढासळला यावर भांडण होते, मोठी मुले हुकूम सोडतात, धाकटी पाणी आणतात आणि निम्मे वाटेत सांडतात. हळीव पेरून ते उगवेपर्यंत चार दिवस दम धरावा लागतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला चार दिवस म्हणजे एक युग वाटते. ते दर तासाला माती उकरून बघते. त्याला बघू द्यावे.

आमच्या इमारतीत यंदा फळ्यावर सूचना लागली आहे, की आवारात माती आणल्यास आणि जिना खराब केल्यास संबंधित सभासदाकडून सफाईचा खर्च वसूल करण्यात येईल. मी माझ्या वाट्याचे शंभर रुपये आगाऊ भरून पावती घेतली आहे. मातीची दोन पोती उद्या सकाळी येतील. सचिवांना एवढीच विनंती, की खालचा नळ संध्याकाळी सहापर्यंत बंद करू नये.